मोहावरचं बांडगूळ

आरमोरी, ११ जानेवारी २०२५

सरिता,

वर आशीर्वाद लिहिला होता, तो खोडला. तुला चालेल की नाही कळेना. नुसतं नाव तरी चालावं.

तुझी ओळ फोनवर मिळाली. तुझी आई गेल्यापासून साडेआठ वर्षांत तू मला पाठवलेली ही तिसरी ओळ. तिन्ही मी कवितेच्या वहीत उतरवून ठेवल्या आहेत. पहिली दोन वर्षांपूर्वीची: "आईला जी पानं देत होतात, त्यातली उरली आहेत का?" दुसरी गेल्या पावसाळ्यातली: "पानं उपयोगी दिसतात. त्याच झाडाची आणखी पाठवा." आणि ही: "दुसऱ्या नमुन्यात काहीच नाही. पहिली पानं नेमकी कुठल्या झाडाची? ३१ मार्चला समिती बसते. पहिला निकाल चूक ठरला तर माझं काम बंद होईल. खरं लिहा."

शेवटचे दोन शब्द तू का लिहिलेस, यावर मी आजची दुपार घालवली. मग उठून चहा केला.

तर खरं लिहितो. दोन्ही वेळचं पान बांडगुळाचं, मोहावरच्या. पहिला डबा आईच्या उरलेल्या पानांचा; त्यावर चिठ्ठी मीच चिकटवली होती, माझ्या वळणदार अक्षरात: 'मोहावरचे बांडगूळ'. दुसऱ्या वेळी शेजारच्या धनराजला त्याच मोहावर चढवलं. तळ्याच्या पाळीवरचा तोच मोह. तुझी आई आणि मी लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिथे फुलं वेचायला जायचो. म्हणजे वेचायची ती. मी बसून जुळवायचो:

मोहाखाली टोपली, टोपलीत पहाट,
वेचता वेचता सरली अर्धी वाट.

ती म्हणायची, "तुमची पहाट टोपलीत मावते मास्तर, पण टोपली मलेच उचलावी लागते."

बांडगुळाचं मला लहानपणापासून नवल. दुसऱ्याच्या फांदीत पाय रोवायचे, त्याचंच पाणी प्यायचं, आणि माघ-फाल्गुनात मोह उघडा पडला की आपण एकट्याने हिरवं राहायचं. असल्या परोपजीवी पानात तुमच्या प्रयोगशाळेला काय दिसलं? तू हैदराबादला एवढी यंत्रं घेऊन बसली आहेस, तुला वेळ नसेल. पण हे पान आईच्या रोगाला, रक्ताच्या कर्करोगाला, काय करतं, ते एखाद्या सातवीच्या मुलाला सांगावं तसं मला सांगशील का? मुलगा मठ्ठ नाही, फक्त म्हातारा आहे.

तुझा बाबा


आरमोरी, २७ जानेवारी २०२५

सरिता,

तू लिहिलं नाहीस, बोललीस! चार मिनिटांचा तुझा आवाज फोनवर आला. धनराजने लावून दिला. मी चारदा ऐकला. पाचव्यांदा धनराज म्हणाला, "गुरुजी, तुमी आता पाठ करून राह्यले काय? परीक्षा हाय का?" मी म्हटलं, आहे.

तर परीक्षा घे. मला समजलं ते असं.

हाडाच्या आतला मगज ही रक्ताची शाळा. तिथे पांढऱ्या पेशी शिकतात, तयार होतात, मग कामाला बाहेर पडतात. तुमची एन्झाइम्स, आपल्या पुस्तकात ज्यांना विकर म्हणायचो, त्यातलं एक विकर म्हणजे या शाळेतला घंटा वाजवणारा शिपाई. घंटा झाली की नवा वर्ग भरतो. निरोगी रक्तात तो वेळेवर वाजवतो आणि थांबतो. या रोगात त्याला थांबणंच माहीत नसतं. घंटा, घंटा, घंटा. न शिकलेली पोरं वर्गावर वर्ग भरत जातात, आणि शेवटी शाळेत उभं राहायला जागा उरत नाही. तुम्ही शोधता ते शिपायाला मारणारं औषध नव्हे. त्याचा हात धरणारं. हात धरला की घंटा थांबते.

आणि तू शेवटी जे बजावलंस तेही लिहितो, म्हणजे तुझी खात्री पटेल: हे औषध नाही. काचेच्या नळीत एका पानाच्या अर्काने एका विकराचा हात धरला, एवढंच. अशी शेकडो पानं नळीत हात धरतात आणि माणसाच्या शरीरात सोडून देतात. बाजारातल्या दहा भोंदूंना हे कळता कामा नये. बरोबर? किती गुण?

पण मग मला रात्रभर एकच कोडं. पहिल्या डब्यातल्या पानाने हात धरला, दुसऱ्या पिशवीतल्याने का नाही? तेच झाड, तेच बांडगूळ. ऋतूचा फरक असेल म्हणून काल झेंडावंदन झाल्यावर धनराजच्या मोटारसायकलवर पुन्हा मोहाकडे गेलो. खाली उभा राहिलो, वर पाहिलं, आणि एक गोष्ट लक्षात आली. ती गेल्या पत्रात लिहायला हवी होती.

पहिल्या डब्यातली पानं मी तोडलेली नाहीत. तोडताना पाहिलेलीही नाहीत. ती बायनाबाईने आणून दिली होती. झाडाचं नाव तिने कधीच सांगितलं नाही. नाव घेतलं की पानातला गुण जातो, असं या वैदूंचं मानणं. पण पानं तोडायच्या आदल्या संध्याकाळी झाडाला आमंत्रण द्यायचा रिवाज आहे, बुंध्याशी हळदीचे तांदूळ ठेवायचे आणि म्हणायचं, उद्या येते, राग धरू नको. ते तांदूळ मी दर वेळी या मोहापाशी पाहिले होते. इकडचं कुणीही तेच समजेल. जिथं तांदूळ, तिथं औषध. त्यावरून मी चिठ्ठी लिहिली.

बायनाबाईला विचारायला हवं, हे मला कळतं. तिचं नाव काढलं की तुझ्या कपाळावर आठी पडते, तेही कळतं. तरी विचारू का?

बाबा


आरमोरी, १० फेब्रुवारी २०२५

सरिता,

"विचारा. पण ती बाई खरं बोलेल कशावरून?" ही तुझी ओळ घेऊन मी आज सकाळी तळ्यापलीकडे गेलो.

तू तिला पाहिलंस त्याला साडेआठ वर्षं झाली. आता पार वाकली आहे. ढिवरपुऱ्यात, मासेमाऱ्यांच्या वस्तीत, पाळीला लागून तिचं घर, तसंच. औषधाला तिच्याकडे आता कुणी येत नाही. आईच्या तेरवीला तू आपल्या अंगणात, सगळ्यांसमोर, तिला जे बोललीस ना, त्यानंतर कुणी आलंच नाही. ती बोड्यांतले, शेतांमधल्या छोट्या तळ्यांतले, मासे टोपलीत घेऊन शुक्रवारच्या बाजाराला बसते.

मला पाहून तिने टोपली खाली ठेवली नाही.

"मास्तर, रस्ता चुकले काय?"

"नाही बायनाबाई. तुझ्याकडेच आलो."

"मासोळी पाह्यजे? झिंगे हायेत."

"एक विचारायचं आहे."

"आठ वर्स लागले विचाराले? बसा. माणूस एवढा थांबला तं बसूनच बोलाव."

मी बसलो. तुझं काम सांगितलं, शिपाई आणि घंटा सांगितली. घंटेवर ती हसली. "माह्या नवऱ्याची गोठ सांगून राह्यले. त्यालेही थांबता येत नव्हतं." मग पहिल्या आणि दुसऱ्या पानाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या वेळी मोहावर माणूस चढवला, म्हटल्यावर तिची मान हलायला लागली. आधी वाटलं रडते आहे. पण हसत होती. पदर तोंडात धरून.

"मोहावर चढले! तांदूळ पाहून चढले!"

"मग कुठलं झाड होतं, बायनाबाई?"

तिने टोपली खाली ठेवली आणि झिंगे निवडायला घेतले. मग म्हणाली, "सांगीन. तुमची पोरगी शिकलेली हाय, जतन करन. पण पयले तिले खरं लिवा मास्तर. मंग मी झाड दाखवतो. तवापर्यंत नाई."

एवढं बोलून तिने टोपली उचलली. काय खरं, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

उद्या लिहितो.

बाबा


आरमोरी, ११ फेब्रुवारी २०२५

सरिता,

बायनाबाईने तुझ्या आईच्या गोळ्या बंद करायला कधीच सांगितलं नव्हतं. गोळ्या मी बंद केल्या.

तिचं पान गोळीबरोबर घ्यायचं होतं, गोळीऐवजी नाही. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "डाक्टरची गोळी सोडाची नाई. हे फक्त भूक लागाले." नागपूरच्या डॉक्टरांनीही माझ्या तोंडावर सांगितलं होतं, रिपोर्ट कितीही चांगला आला तरी रोज एक गोळी, जन्मभर. मी दोघांचंही ऐकलं, मान हलवली, आणि घरी येऊन माझं चालवलं. रिपोर्ट साफ आला होता. मला वाटलं रोग गेला. आणि खरं सांगायचं तर वाटलं, जंगलाने बरं केलं. त्या कल्पनेच्या मी प्रेमात पडलो. आयुष्यभर मुलांना कवितेत जंगल शिकवलं, आणि आता ते जंगल आपल्या घरी येऊन उभं राहिलं, असं काहीतरी. तुझी आई, गुणाबाई, माझ्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती. गोळ्यांची पाकिटं मी कपाटात वरच्या फळीवर ठेवली. अकरा महिन्यांत ती गेली.

तेरवीच्या दिवशी तू विचारलंस, "गोळ्या कुणी बंद केल्या?" मी अंगणाकडे पाहिलं. बायनाबाई पत्रावळी उचलत होती. मी बोट केलं आणि म्हणालो, "हिने."

पुढचं तुला ठाऊक आहे.

तू मला ती घंटा समजावलीस, तेव्हा मी पटकन समजलो, तुला नवल वाटलं असेल. त्याचं कारण हे. त्या गोळीनेही शिपायाचा हातच धरला होता ना? पाकिटातला कागद मी आता, चष्मा लावून, वाचला. रोज नव्याने हात धरायचा, म्हणून रोज गोळी. मी तो हात सोडवला. जे तू नळीत शोधते आहेस ते आपल्या कपाटात होतं, फळीवर.

क्षमा मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

बाबा


आरमोरी, ६ मार्च २०२५

सरिता,

तेवीस दिवस तुझ्याकडून काही नाही. ठीक आहे. मी तुला झाडाचं सांगतो, कारण ३१ तारीख थांबणार नाही.

मागचं पत्र मी पेटीत टाकण्याआधी बायनाबाईकडे नेलं होतं. ती पाळीवर बसली होती, चार-पाच बायका जाळं दुरुस्त करत होत्या. म्हटलं, घरात जाऊन वाचून दाखवतो. ती म्हणाली, "इथीच वाचा. अन् जोरानं वाचा मास्तर. कविता जोरानं वाचत होते ना शाळेत? तळ्याच्या या काठाले ऐकू यायची."

मी जोराने वाचलं. 'हिने' या शब्दापाशी थांबलो. बायकांचे हात थांबले होते. बायनाबाई म्हणाली, "थांबू नका. खाली अजून चार ओळी दिसून राह्यल्या." तिला वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात. मी शेवटपर्यंत वाचलं.

मग मी विचारलं, "त्या दिवशी तू का बोलली नाहीस? मी खोटं सांगितलं असं एका शब्दाने म्हणायचं होतंस."

"तुमी रडून राह्यले होते," ती म्हणाली. "रडत्या माणसाले चार लोकायत खोटं पाडत नाई. मले वाटलं, रडणं सरलं का सांगन मास्तर. तुमचं रडणं लय दिवस चाललं बा."

जाळं विणणारी रोशनी तोंड फिरवून हसली. मलाही हसू आलं, आणि ते हसू बराच वेळ डोळ्यांतून येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायनाबाई मला घेऊन निघाली. मोहापाशी आली, तांदूळ ठेवले, हात जोडले. मी म्हटलं, म्हणजे मोहच? ती म्हणाली, "उद्या या."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. ती मोहाकडे न पाहता पुढे गेली. नाल्यापलीकडे येनाचं झाड आहे, तुम्ही पुस्तकात ऐन लिहिता ते, मगरीच्या पाठीसारखी फुटलेली साल. त्याच्या खालच्याच फांदीवर बांडगूळ. माझा हात पोचेल एवढ्यावर. साडेआठ वर्षं विचारलं नाही.

"मग मोहाला तांदूळ कशाला?"

"तांदूळ पाहून तुमच्यासारखे लोक औषध चोरतात. येनाच्या त्या फांदीले आठ दिवसांत बोडकं केलं असतं. मोहावरचं चोरलं तं चोरू द्या. बांडगूळ निघालं का मोहाले फुलं जास्त येते. फुलं कोण वेचते? आमीच वेचतो." मग मोहाकडे वळून तिने खरंच हात जोडले. "अन् तो मोठा हाय इथचा. त्याले विचारल्याबिगर नाल्यापलीकडे जात नाई. म्हनून तांदूळ खोटेही नोयत."

बघ सरिता. मी सदतीस वर्षं मुलांना सांगत आलो, कवितेत म्हटलेलं एक असतं आणि अर्थ दुसरीकडे असतो, शोधा. आणि माझ्यासमोर तांदूळ ठेवले तर मी तिथेच चढलो. माझ्या गळ्यातल्या चष्म्याकडे पाहून बायनाबाई म्हणाली, "पाहाले येते तुमाले, इचाराले येत नाई."

तेच बांडगूळ, पण एक मोहाचं पाणी पितं आणि एक येनाचं. पान सारखं, आत भरलेलं वेगळं. असं होऊ शकतं का? मला माहीत नाही. वाटतं, होत असेल. पण माझ्या वाटण्याने एकदा काय झालं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून वाटणं बाजूला ठेवतो आणि पाठवतो.

या पत्राबरोबर पाच पाकिटं आहेत: येनावरचं, मोहावरचं, आंब्यावरचं, करंजावरचं आणि पाचवं नुसतं येनाचं पान, बांडगूळ नसलेल्या फांदीचं. पाचव्याची कल्पना बायनाबाईची. "गुण कोणाचा हाय, पिणाऱ्याचा का पाजणाऱ्याचा, ते पाहाले नको?" तुझ्या समितीत हिलाच बोलाव. पानं सावलीत वाळवली, वर्तमानपत्रात. प्रत्येक चिठ्ठीवर दोन रकाने केले आहेत: 'पाहिलं' आणि 'ऐकलं'. 'वाटलं' असा रकाना ठेवलेला नाही. ग्रामसभेने ठराव दिला आहे, तो सोबत जोडला. त्यात माहिती देणारीचं नाव बायनाबाईचं आहे. तिने अट घातली, जे काही छापून येईल त्यात ते तसंच यावं, आणि आधी तिला वाचून दाखवावं. जोराने.

इथवर लिहून पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात फोन वाजला. तुझी ओळ. माझ्या वहीतली पाचवी: "आईची गोळी नेमकी कोणत्या दिवशी बंद झाली? तारीख लिहा."

रागाचा एक शब्द नाही. नमुन्याची चौकशी करावी तसं विचारलं आहेस. तू मला काहीतरी विचारलंस, आणि मला उत्तर येतं, याचा मला आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते.

मागच्या पत्रात कारण लिहिलं ते खरं होतं, पण सगळं नव्हतं. जंगलाचं प्रेम वगैरे नंतर आलं. पहिली गोळी सुटली ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्या वर्षी शिक्षकदिनाला जुन्या विद्यार्थ्यांनी माझा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, आणि जोडप्याचा फोटो. त्या गोळीने गुणाबाईचे डोळे सुजायचे. सकाळी आरशात पाहून ती म्हणाली, "मी नाई येत. फोटोत मी रडून आली असंच वाटन." मी म्हटलं, दोन दिवस गोळी घेऊ नको, सूज उतरेल, मग सुरू करू. ती म्हणाली, "डाक्टर रागावन." मी म्हटलं, "डॉक्टरला कोण सांगतं?"

सूज उतरली. ती आली. तिसऱ्या दिवशी तिला इतकं हलकं वाटलं की मी गोळी पुढे केलीच नाही.

तो फोटो भिंतीवरून काढून या पाकिटात ठेवला आहे, सहावा नमुना. यात तिचे डोळे तुला नीट दिसतील. पहिली गोळी चुकली ती ३ सप्टेंबर २०१५, गुरुवार. फोटो ५ सप्टेंबरचा, शनिवार. 'पाहिलं' या रकान्यात लिही.

पानांचं नळीत काय होतं ते कळव. काही नाही झालं, तरी तेही कळव. बायनाबाई रोज विचारते.

बाबा